हातोड्याला धार

साकाईतल्या आमच्या धारखान्यात
जेवणाची सुट्टी पस्तीस मिनिटांची.
तेवढ्यात एक राक्षस नक्की होतो,
घाई केली तर दोन.
मी, शिगेहारु, आणि मुठी बसवणारी तोमोए:
तिघांच्याही नखांत तोच राखाडी चिखल,
कंट्रोलरच्या बटणांवरही तोच.

निसण्यांच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
मी खडूने हत्यारांची उतरंड मांडली.
सगळ्यांत वर लांब तलवार.
"अर्थात," शिगेहारु म्हणाला,
"मारायचं कमी, मिरवायचं जास्त."
मग भाला. ढालीआडून टोचत राहायचं,
कंटाळवाणं, पण मरत नाही कुणी.
जोडसुरे तिसरे, तेही तोमोएच्या भिडेखातर;
ती दम संपेस्तोवर नाचते
आणि मग श्वापदाच्या मागे धापा टाकत उभी राहते,
नेमकी शेपटीच्या टप्प्यात.
धनुष्य मी पाचवं म्हटलं, ती चौथं,
यावर एक अख्खा सोमवार गेला.
शिंग कुठे ठेवायचं ते ठरलंच नाही.
शिगेहारु ते फुंकतो तेव्हा आमच्या अंगात बळ येतं,
पण हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार?
तळाला हातोडा.
त्यावर मात्र लगेच एकमत.

कुरामोचीसान डबा पुसत पुसत बघत होते.
बावन्न वर्षं साणेवर काढलेली,
डोळ्यांत आता धुकं,
धार कानानेच ओळखतात.
पडद्यावर माझा शिकारी उकिडवा बसला,
निसणा काढला,
सर्र, सर्र, सर्र,
पातं लखलखलं.

"तीन घासांत?"
"हो."
"पाण्याशिवाय?"
"हो."
ते इतके हसले की ठसका लागला,
तोमोएने पाठ चोळली.
"मग मला बावन्न वर्षं कुणी फसवलं?"

म्हणाले, मलाही द्या एक.
आम्ही तलवार पुढे केली.
त्यांनी पुठ्ठा नाकाशी धरला,
बोट घसरत घसरत तळाशी नेलं.
"हा. याला धार नसते ना?
बस्स. हाच द्या."

समोर सुळेवालं धूड,
आमच्या ट्रामच्या दोन डब्यांएवढं.
त्यांना पळायचं बटण ठाऊक नव्हतं,
विचारलंही नाही.
एकाच पायाच्या एकाच अंगठ्यावर
ठोकत राहिले, ठोकत राहिले,
आणि तोंडावर, खरंच सांगते,
शाळा बुडवलेल्या पोराचा आनंद.

मग टण्ण. हातोडा उलटा उसळला.
कोपऱ्यातली खूण हिरवी होती, ती पिवळी झाली, मग लाल.
आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो.
"काय झालं?"
"धार गेली," मी म्हणाले.
"हातोड्याची?"
"या खेळात हातोड्यालाही लावावी लागते."

पलीकडे बंद केलेली साण अजून फिरत होती,
आपल्याच वजनाने, हळूहळू.
त्यांनी उजव्या अंगठ्याकडे पाहिलं,
ठसा केव्हाच झिजून गेलेल्या.
मग विचारलं, कुठलं बटण?

धूड धूळ उडवत येत होतं
आणि त्यांचा शिकारी मांडीवर हातोडा घेऊन बसलेला,
सर्र, सर्र,
त्यांचा खांदा त्याच लयीत हलत होता.
"पळा!" शिगेहारु किंचाळला.
"हातातलं होऊ दे," ते म्हणाले,
आणि सुळ्यावर चढून आभाळात गेले.

घंटा झाली. खडूची उतरंड
कुणाच्या तरी ओल्या कोपराने अर्धी पुसली.
ती मी पुन्हा लिहिली नाही.

संध्याकाळी गढूळ पाण्याची बादली ओतताना
कुरामोचीसान वळून म्हणाले,
"उद्या पुन्हा बसू.
तो निसणा किती नंबरचा, तेवढं बघून ठेव.
हजाराचा असावा.
आवाज फार कोरडा आहे."